तवटेकाका आणि दुसऱ्यांदा ठेवलेलं नाव

आदरणीय श्री. गजानन तवटे, म्हणजे आम्हां सगळ्यांचे तवटेकाका, यांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथात लिहा, असं समितीच्या बाईंनी मला सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि दुपारपर्यंत डब्यांच्या धावपळीत मला डोकं वर करायला वेळ नसतो. त्या म्हणाल्या, "तुम्ही बोलता तसं लिहा." मी म्हटलं, लिहीन, पण मग नंतर तक्रार करायची नाही.

काकांची आणि माझी ओळख एका फळीमुळे झाली. शिरगावात मी पोळी-भाजी केंद्रासाठी गाळा भाड्याने घेतला होता. पाटी हवी होती. शेजारच्या गाळ्याची फ्लेक्सची पाटी एका पावसाळ्यात फाटून लोंबत होती, तसलं मला नको होतं. म्हणून लाकडाची चांगली फळी घेतली आणि "ते ब्रशने पाट्या लिहिणारे नेव्हीवाले काका कुठे राहतात" असं विचारत त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"उद्या मिळेल का?" मी विचारलं.

"आधी बसा तरी."

"बसायला वेळ नाही. कणीक मळून आलेय."

"मग कणीक मुरायला ठेवता ना? रंगालाही तसंच ठेवावं लागतं. आठवडा लागेल."

मला राग आला. पण फळी त्यांनी हातात घेऊन अशी उलटसुलट पाहिली, कड बोटाने चाचपली, की राग उतरला. काम येणारा माणूस वस्तू कशी धरतो ते मला कळतं.

"नाव काय लिहायचं?"

मी म्हटलं, ते उद्या सांगते. काकांनी चष्म्यावरून बघितलं. "नाव ठरलं नाही आणि फळी घेऊन आलात?"

"ठरलंय. पण घरात भांडण आहे."

हे भांडण वाचणाऱ्यांना सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून सांगते. माझं जन्माचं नाव गोदावरी. वांगणीच्या पुढे डोंगराच्या अंगाला आमचं गाव, तिथे सगळे मला गोदी म्हणत. मला सोनिवलीला दिली ती बिजवराला. पहिली बायको काविळीने गेलेली, मागे दोन वर्षांची मुलगी, रंजना. लग्नात नवरीचं नाव बदलतात, ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवं नाव लिहितात, हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या ताटात सासूबाईंनी पहिलीचंच नाव लिहायला लावलं. सुनंदा. वर गळ्यात सवतीचा टाक, म्हणजे मेलेल्या सवतीच्या नावाने घालायची चांदीची टिकली. तेव्हापासून मी सुनंदा. सासूबाईंनी नाव ठेवलं एकदा आणि नावं ठेवली रोज. "आमची सुनंदा अशी भाकर थापायची न्हाय." मग मी कोण? तर मीही सुनंदाच.

गाळा मी माझ्या हिमतीवर घेतला, तेव्हा पाटीवर तरी गोदावरी लिहायचं असं मी ठरवलं होतं. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, म्हणत होते, सगळीकडे सुनंदा लागलेलं आहे, तेच लिही. सासूबाई तर ऐकूनच घेत नव्हत्या.

एवढं सगळं मी काकांना उभ्याउभ्या सांगितलं. गोदी हे नाव ऐकून ते मोठ्याने हसले. "गोदी! अहो, माझं अर्धं आयुष्य मुंबईच्या गोदीत गेलं. जहाज बांधायचं तर गोदीतच बांधतात." मग सुनंदाचं ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मला वाटलं कीव करतील. त्यांना अभिमान वाटला! "म्हणजे तुम्ही दुसऱ्या सुनंदा! आमच्याकडे नौदलात ह्याला फार मान आहे."

आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा जहाजांच्या नावांबद्दल ऐकलं. काका खलाशी म्हणून भरती झालेले, निवृत्त होईपर्यंत रंगकामाच्या टोळीचे मुख्य. जहाजाच्या पुढच्या अंगाला नंबर आणि मागच्या अंगाला नाव, हे काढायचं काम त्यांच्या हाताखाली व्हायचं. ते म्हणाले, जहाज बांधत असतात तोवर त्याला नाव नसतं, नुसता यार्डाचा नंबर. नावांची रीत ठरलेली. फ्रिगेट म्हणून लढाऊ जहाजं असतात, त्यांत पुष्कळांना नद्यांची आणि डोंगरांची नावं. मोठ्या विनाशिकांना शहरांची. पाणबुड्यांना माशांची. मोठ्या जहाजांना ओढून नेणारे टग असतात, त्यांना भीम, बाहुबली असली ताकदवानांची. आणि जुनं जहाज निवृत्त झालं की त्याचं नाव टाकून देत नाहीत. काही वर्षांनी नवं जहाज येतं, ते तेच नाव घेऊन येतं. विक्रांत गेली, विक्रांत आली. "लढाईत बुडालेल्या जहाजाचंसुद्धा नाव आपण पुन्हा ठेवलं," काका म्हणाले, "अपशकुनी म्हणून सोडलं नाही. जहाज बुडालं तरी नाव बुडू द्यायचं नाही."

मला ऐकायला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं जे नाव मला उतरलेल्या लुगड्यासारखं वाटत होतं, ते एका शहाण्या माणसाने मानाचं म्हटलं. त्याच भरात मी घरी गेले आणि जेवताना सगळं सांगून बसले. इथे माझी अक्कल गेली.

सासूबाईंनी घास हातातच धरला. "बग! सरकार बी जुनं नाव टाकीत न्हाय. आन ही निगाली टाकाया!"

मालक म्हणाले, "देशाच्या जहाजांना चालतं, तुला काय होतंय?"

दुसऱ्या दिवशी जांभूळला पाण्याच्या प्लांटवर ड्युटीला जाताजाता मालक शिरगावात थांबले आणि काकांना सांगून आले, पाटीवर सुनंदाच लिहा, घरात ठरलंय. मला विचारलंही नाही. मी त्या दिवशी सगळ्या पोळ्या जाड लाटल्या.

आता काकांच्या कामाबद्दल लिहिते, म्हणजे पुढे त्यांनी जे केलं ते का केलं ते कळेल.

काका पाटी दोन्ही बाजूंनी लिहितात. पैसे एकाच बाजूचे घेतात. मी विचारलं तर म्हणाले, "जहाजावर नाव दोन्ही अंगांना असतं. डावीकडून येणाऱ्याला दिसावं आणि उजवीकडून येणाऱ्याने काय पाप केलंय?" रंग ते उल्हासनगरच्या एका सिंधी शेटकडूनच आणतात. एकदा मीही बरोबर होते. शेट म्हणाले, "साईं, फ्लेक्स करवा लो ना, दो घंटे में हाथ में।" काका म्हणाले, "और दो महीने में पाँव में।" शेट एवढे हसले की डब्यावर थोडे पैसे कमी केले. असा विनोद काका दुकानात करतात, काम करताना नाही. ब्रश हातात असला की बोलत नाहीत, आणि दुसऱ्यालाही बोलू देत नाहीत. मला तर ते फार जड जातं.

बारवी धरणाच्या बाजूला डोंगरात एक वाडी आहे. तिथे सर्वे झाला तेव्हा दारांवर खडूने नुसते नंबर टाकले होते. काका तिथल्या शाळेची भिंत रंगवायला गेले होते, त्यांना ते बघवलं नाही. "म्हणजे अजून यार्डातच ठेवलंय ह्या लोकांना," म्हणाले. आणि शाळेचं काम झाल्यावर ते उरलेल्या रंगाने घरोघर नावं लिहीत बसले. एका म्हाताऱ्याने विचारलं, "नाव कशापायी? मला समदे वळखत्यात की." काका म्हणाले, "तुम्हाला ओळखतात. तुमच्या बायकोला?" म्हातारा लाजला. त्या दारावर दोघांचं नाव आहे. मी स्वतः पाहिलं आहे, कारण त्या दिवशीचा डबा माझाच होता.

काकांना दोष नाहीत असं नाही. सांगायला लागले की थांबत नाहीत. ऱ्हस्वदीर्घाची चूक दिसली तर लग्नाच्या मांडवातसुद्धा बोलून दाखवतात. पण आपलं चुकलं असं कळलं तर तेही तितक्याच मोठ्याने बोलून दाखवतात. हा गुण मी फार कमी पुरुषांत पाहिला. शिकलेल्यांत त्याहून कमी.

तर मालकांनी निरोप दिला आणि तरी पाटी येईना. मला वाटलं विसरले. मग एका सकाळी काका स्वतः सोनिवलीला आले, स्कूटरवर, फळी पायांपुढे उभी धरून. फळीला पांढरा हात दिलेला, अक्षर एक नाही. सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी दाराआड.

"कोण वो तुमी?"

"पाटीवाला."

"पाटीचं झालंय ना ठरून? लिवा आन द्या."

"लिहितो आजी. आधी एक सांगा. सुनंदा कशी होती?"

सासूबाईंचे हात थांबले. "कनची?"

त्या एका शब्दात आमच्या घराचं सगळं आलं होतं, आणि ते सासूबाईंनाही ऐकू आलं असावं, कारण त्यांनी सूप खाली ठेवलं.

"पहिली," काका म्हणाले.

इतक्या वर्षांत त्या घरात हे कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मला फक्त भाकऱ्यांचं माहीत होतं. सासूबाई सांगायला लागल्या. सुनंदा लावणीला सगळ्यांच्या पुढे असायची. हसली की बांधापलीकडच्या शेतात ऐकू जायचं. सासूबाईंच्या पायाला काटा लागून पू झाला तेव्हा तिने त्यांना पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत नेलं होतं. मग थांबून म्हणाल्या, "ती गेली आन रंजी रातंदीस रडं. सुनंदे म्हनून हाक मारली का गप व्हायची, दाराकडं बगायची. मला वाटलं, हाक बंद झाली तर पोर जगनार न्हाय. म्हनून हिचं बी त्येच ठेवलं. हाक चालू ऱ्हायली."

हे मला लग्नात कोणी सांगितलं असतं, तर कदाचित मीच म्हटलं असतं, मारा मला हाक. पण कोणी सांगितलं नव्हतं.

काकांनी फळी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "आजी, मी ह्यांना जहाजांचं सांगितलं ते खरं आहे. पण अर्धंच सांगितलं, चूक माझी. जुन्या जहाजाला आधी निरोप देतात. सूर्य मावळताना त्याचा झेंडा शेवटचा खाली उतरवतात. त्या जहाजावर ज्यांनी दिवस काढले ते म्हातारे लांबलांबून येतात, उभे राहतात, रडतात. मी रडलोय. त्यानंतर ते नाव मोकळं होतं. तुमच्याकडे सुनंदाला निरोप दिला का कोणी?"

"धाव्वं, तेरावं, समदं केलं."

"ते केलंत. पण हाक तर चालूच राहिली. ती गेली असं घरात कोणी म्हणालंच नाही."

सासूबाई खाली ठेवलेल्या सुपातले तांदूळ बोटाने सारखे करत राहिल्या.

"आणि दुसरं. जहाजाला कोणी विचारत नाही, तुला कुठलं नाव पाहिजे. ते कमिटी ठरवते. जहाजाला तोंड नसतं म्हणून चालतं. ह्या बाईला तोंड आहे."

"तोंड?" सासूबाई म्हणाल्या. "अवो, पट्टा हाय पट्टा!"

"मग विचारा की तिला."

सासूबाईंनी दाराकडे मान वळवली. "काय गो, आतून आयकतीस त्ये ठाव हाय मला. भाइर ये. तुला काय पायजे?"

मी बाहेर आले. चांगलं काहीतरी बोलायला हवं होतं, पण मला तसं कधी सुचत नाही. मी म्हटलं, "गोदावरी. आणि टाक पण काढायचाय. मान खाजते."

सासूबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं, दोनचार खडे काढले. मग म्हणाल्या, "टाक देव्हाऱ्यात ठेव. फेकशील बिकशील कुटं तरी."

काकांनी चहा घेतला नाही. त्यांचं काम झालं होतं, आणि रंग ओला ठेवून आले होते म्हणे.

संध्याकाळी मालक आले तर सासूबाईंनीच त्यांना सांगितलं, "पाटीवर तिचं नाव येतंय. तू मदी बोलू नको." मालक बोलले नाहीत. माझ्यासाठी एवढं पुरे होतं.

पाटी आली ती निळ्या रंगाची, पांढरी अक्षरं, दोन्ही बाजूंना, "गोदावरी पोळी-भाजी केंद्र". गाळ्याच्या मुहूर्ताला काकांनी नारळ सासूबाईंच्या हातात दिला. म्हणाले, "जहाज पाण्यात सोडताना नाव बाईच देते. कितीही मोठ्या पदाची माणसं असोत, ती बाजूला उभी राहतात. घ्या आजी." सासूबाईंनी नारळ एका फटक्यात फोडला. पाणी माझ्या साडीवर उडालं. त्यानंतरही त्या मला सुनंदेच म्हणायच्या, मग जीभ चावायच्या. जिभेचं वळण मोडायला वेळ लागला. माझ्या आधार कार्डावर अजून सुनंदाच आहे. ते बदलायला फेऱ्या मारायला मला वेळ नाही, आणि आता त्याने मला काही होत नाही. त्या वर्षी सुनंदाच्या तिथीला तिचा लग्नातला फोटो ट्रंकेतून निघाला आणि भिंतीवर लागला. हार मी घातला.

काकांचे माझ्यावर आणखीही उपकार आहेत. चौथीनंतर हात थांबल्यामुळे मला सही नीट येत नव्हती. काकांनी गाळ्याच्या फरशीवर खडूने रेघ मारून दिली आणि म्हणाले, "अक्षर रेघेला टांगायचं, दोरीवर धुणं टांगतो तसं. धुणं जमतं ना?" हा लेख मी स्वतः लिहिला आहे तो त्या दोरीवरच. वेलांट्या समितीने बघाव्यात.

शेवटची गोष्ट सांगते आणि संपवते. आमची रंजना अंबरनाथला दिली आहे. मागल्या वर्षी तिला मुलगी झाली. बारशाच्या आधी तिने मला एकटीला गाठून विचारलं, "आई, सुनंदा ठेवलं तर तुला चालेल?"

मी म्हटलं, "ते माझं नाव नाहीच. मी कोण हरकत घेणार? ते तुझ्या आईचं आहे, तू घे."

बारशाला काकांना आग्रहाने बोलावलं होतं. आत्याने रीतीप्रमाणे बाळाच्या कानात नाव सांगितलं. मग सगळ्या बायका वाट बघत राहिल्या की मोठ्याने हाक कोण मारणार. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी पाळण्यावर वाकले आणि म्हटलं, "सुनंदे." ज्या नावाची मला इतकी वर्षं चीड आली, ते माझ्या तोंडून इतकं सोपं निघेल असं मला वाटलं नव्हतं. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. काका उठून उभे राहिले होते, हात सरळ पायांना लावून, जहाजावर सावधान उभे राहतात तसे. कोणी हसलं नाही.

जेवणं झाल्यावर रंजना त्यांना म्हणाली, "काका, पुढे मुलगा झाला तर तुमचंच नाव ठेवीन."

काका म्हणाले, "अजिबात नाही. नौदलाचा नियम आहे. एक जहाज पाण्यात असताना त्याच नावाचं दुसरं उतरवत नाहीत. मी अजून पाण्यात आहे."

मंडळी, तवटेकाकांच्या नावावर डोळा ठेवून बसलेल्या बायका आमच्या ह्या पट्ट्यात खूप आहेत. वाडीत दोघी आहेत, शिरगावात तर विचारू नका. त्या सगळ्यांना आणि रंजनालाही मी ह्या लेखातून बजावून सांगते, दुसरी नावं शोधा. हे नाव अडलेलं आहे आणि पुष्कळ वर्षं अडलेलंच राहिलं पाहिजे. काकांचे गुडघे धड राहोत, नजर आणि हात स्थिर राहोत, रंगाचा वास त्यांना सोसत राहो, आणि शंभरीलाही त्यांनी माझ्यासारखीला "आधी बसा तरी" म्हणून खडसावावं, एवढंच मी परमेश्वराजवळ मागते. त्या दिवशी मी मुकाट बसेन.